दम कुठून येतो?

आमच्या माडीवरच्या खोलीत दारामागे एक खिळा आहे. त्या खिळ्यावर गेली सहा वर्षं एक काळा मास्क लटकतोय. करोनातला नव्हे. हा जाड रबराचा, नाकतोंड झाकून डोक्यामागे पट्ट्यानं आवळायचा. समोर तीन गोल झडपा. सोबत लहानमोठ्या भोकांच्या टोप्या मिळतात. जी टोपी बसवाल तेवढी हवा कमी आत येते. खोक्यावर प्रत्येक टोपीपुढे उंची छापलेली होती, ३,००० फुटांपासून थेट १८,००० फुटांपर्यंत. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे जिमच्या आरशासमोर उभं राहून कळसूबाईच्या तिप्पट उंचीवर जायची सोय.

गेल्या महिन्यात धाकट्यानं विचारलं, "दादा, तुझा तो मास्क पडूनच आहे ना? मी वापरू?"

तो पोलीस भरतीची तयारी करतोय. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. पहाटे पाचला उठून कॅनॉलच्या रस्त्यावर पळतो, संध्याकाळी जिम. त्याच्या रील्समध्ये तसलेच मास्क घातलेले लोक घाम गाळताना दिसतात. मी पटकन "नको" म्हणालो. तो म्हणाला, "का नको?" आणि माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. होती ती फक्त एक आठवण.

सहा वर्षांपूर्वी मीही भरतीच्याच तयारीत होतो. मास्क घालून स्क्वॉट मारत होतो. पाचवा सेट, खांद्यावर ८० किलो. खाली बसताना नेहमीसारखा श्वास रोखला, वर येताना सोडला आणि नवा घ्यायला गेलो तर मास्कमधून हवा पुरेशी येईना. डोळ्यांपुढे काळं आलं. रॉड मागे घसरला, तो धरायच्या नादात उजवं मनगट दुमडलं. प्लास्टर सहा आठवडे आणि मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर. मोडक्या मनगटानं गोळा फेकता येत नाही. त्या वर्षीची भरती माझ्याविना झाली. पुढची निघाली तोवर मी एका पतसंस्थेत चिकटलो होतो.

मास्कमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. झोप कमी होती, वजन जरा जास्तच चढवलं होतं. म्हणूनच धाकट्याला नुसतं "माझं बघ काय झालं" सांगून भागणार नव्हतं. मास्क खरंच काय करतो आणि उंचीवरच्या हवेचं हे वेड आलं कुठून, ते शोधायला बसलो. शोधत शोधत जाऊन पोचलो १८७५ सालच्या एका बलूनमध्ये.

आनंदात आलेलं मरण

१५ एप्रिल १८७५. फ्रान्समध्ये 'झेनिथ' नावाचं बलून आकाशात चढलं. आत तिघं होते: गास्तों तिसांदिए, जोसेफ क्रोसे-स्पिनेली आणि तेओदोर सिव्हेल. बरोबर ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या होत्या. त्या न्यायला सांगितलं होतं पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञानं. कमी दाबाच्या पोलादी कोठीत त्यानं प्राण्यांवर आणि स्वतःवर प्रयोग केले होते. नेलेला ऑक्सिजन पुरणार नाही, असं पत्रही त्यानं नंतर धाडलं, पण ते पोचायला उशीर झाला.

बलून ८,००० मीटरच्या वर गेलं. पिशवीची नळी तोंडाशी न्यायची तर हात उचलेनात. तिघंही बेशुद्ध पडले. बलून आपोआप खाली आलं तेव्हा एकटा तिसांदिए जिवंत होता.

मला अस्वस्थ केलं ते तिसांदिएनं नंतर सांगितलेल्या गोष्टीनं. त्या उंचीवर त्याला गुदमरल्यासारखं वाटलंच नव्हतं. उलट आतून एक आनंद दाटून आला होता. धोका आहे ही जाणीवच विझली होती.

इथे मी थांबलो. मास्क घातल्यावर मला जे वाटायचं ते याच्या अगदी उलट होतं. छाती आवळायची, जीव घाबरायचा, कधी एकदा काढून फेकतो असं व्हायचं. मी समजत होतो की हीच उंची. मग तिसांदिएला ती तशी का लागली नाही?

उत्तर ३० वर्षांनी आलं. १९०५ साली जे. एस. हॉल्डेन आणि जे. जी. प्रीस्टली या दोघांनी ब्रिटनमध्ये दाखवून दिलं की एरवी आपला श्वास ठरवतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. शरीरात तो थोडा जरी साठला तरी मेंदू ओरडतो, श्वास घे, श्वास घे. ऑक्सिजन हळूहळू कमी झाला तर मात्र तेवढी आरडाओरड होत नाही. तो चोरपावलांनी जातो. बलूनमधले तिघं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतच होते, म्हणून घुसमट नव्हती. मास्कमध्ये होतं ते वेगळंच. बारीक भोकातून हवा ओढताना छातीच्या स्नायूंना जोर लावावा लागतो आणि आपणच सोडलेली थोडी शिळी हवा परत आत येते. जीव घाबरा होतो तो यानं. माझी घुसमट खरी होती. फक्त ती उंचीची नव्हती.

उंची म्हणजे नेमकं काय

शाळेत आपण शिकलो की हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. कळसूबाईवर किती? २१ टक्केच. एव्हरेस्टवर? तेवढाच. बदलतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो आणि वर जाऊ तसा उतरत जातो. दाब कमी म्हणजे फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलणारा रेटा कमी. पॉल बेरनं १८७८ साली आपल्या जाडजूड ग्रंथात हेच सिद्ध केलं. उंचीवर माणूस आजारतो तो ऑक्सिजनचा आंशिक दाब घटल्यामुळे.

मास्क दाबाला हात लावत नाही. सांगलीत मास्क घातला तर आतली हवा सांगलीचीच राहते. भोक लहान केल्यानं ती आत यायला त्रास होतो, इतकंच. बारीक स्ट्रॉनं उसाचा रस प्यायलात म्हणून रस पातळ होत नाही.

मग उंचीवर राहिल्यानं दम वाढतो, हे खोटं का? नाही, ते खरं आहे. १८९० साली फ्रान्सवा व्हिओ नावाचा फ्रेंच डॉक्टर पेरू देशात मोरोकोचा या खाणींच्या गावी गेला. गाव सुमारे ४,४०० मीटरवर. जाण्याआधी त्यानं आपल्या रक्तातल्या लाल पेशी मोजल्या होत्या, एका घन मिलिमीटरला ५० लाखांच्या आसपास. तिथे दोन-तीन आठवडे राहिल्यावर पुन्हा मोजल्या तर त्या ७० लाखांच्या पुढे गेल्या होत्या. ऑक्सिजन कमी पडतोय म्हटल्यावर शरीरानं तो वाहून नेणारे हमाल वाढवले होते.

१९११ साली हॉल्डेन साथीदारांसह अमेरिकेतल्या पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंच शिखरावर पाच आठवडे मुक्काम ठोकून बसला आणि शरीर उंचीला कसं सरावतं ते मोजत राहिला. त्याच मोहिमेत मेबल फिट्झजेराल्ड होती. ती शिखरावर राहिली नाही. कोलोरॅडोच्या डोंगरांतल्या खाणगावांतून ती फिरली आणि तिथे कायम राहणाऱ्या लोकांचा श्वास आणि हिमोग्लोबिन तिनं मोजलं. ऑक्सफर्डमध्ये ती शिकली तेव्हा बायकांना पदवी देत नसत. तिची पदवी तिला १९७२ साली मिळाली, वयाच्या शंभराव्या वर्षी. दम धरणं म्हणजे काय, हे मला या बाईकडून कळलं.

या सगळ्यांच्या प्रयोगांत एक गोष्ट सारखी आहे. ते तिथे राहिले. जेवले, झोपले, दिवसरात्र त्याच हवेत होते. रक्तात ऑक्सिजन कमी झाला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं, ते हाडांतल्या मगजाला लाल पेशी बनवायला सांगतं. हा कारखाना सुरू व्हायला आणि त्यातून माल बाहेर पडायला आठवडे लागतात. संध्याकाळी पाऊण तास मास्क घालून बाकीचे सव्वातेवीस तास सांगलीच्या हवेत काढले, तर कारखान्याचा भोंगादेखील वाजत नाही.

मेक्सिकोचे दोन निकाल

शास्त्रज्ञांच्या वहीतली ही उंची खेळाच्या मैदानात आली १९६८ साली. ऑलिंपिक मेक्सिको सिटीत होतं, २,२४० मीटरवर. यजमानपद १९६३ मध्येच ठरलं होतं, त्यामुळे पाच वर्षं खेळाडू, प्रशिक्षक आणि डॉक्टर एकच चर्चा करत होते: विरळ हवेत काय होणार?

झालं असं. १०,००० मीटरची शर्यत केनियाच्या नाफ्ताली तेमूनं जिंकली. दुसरा इथिओपियाचा मामो वोल्डे. दोघंही उंचावरच्या देशांतले. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क हा या अंतराचा विश्वविक्रमवीर, त्याचा विक्रम २७ मिनिटं ३९.४ सेकंदांचा. तेमूला सोनं मिळालं ते २९ मिनिटं २७.४ सेकंदांत. क्लार्क सहावा आला आणि रेषा ओलांडून कोसळला, त्याला ऑक्सिजन द्यावा लागला. १,५०० मीटरमध्ये केनियाच्या किप केइनोनं अमेरिकेच्या जिम रायनला मागे टाकलं. "उंचीवर सराव करा" हा मंत्र जगभर गेला तो तिथून.

पण त्याच मैदानावर दुसरा निकालही लागला, तो रील्समध्ये कुणी सांगत नाही. बॉब बीमननं लांब उडी मारली ८.९० मीटर, आधीच्या विक्रमापेक्षा तब्बल ५५ सेंटिमीटर जास्त. जिम हाइन्स शंभर मीटर ९.९५ सेकंदांत पळाला. क्षणभराच्या ताकदीच्या खेळांना ऑक्सिजनची चणचण जाणवलीच नाही. उलट विरळ हवेचा अडसर कमी झाला. त्या काही सेकंदांत स्नायू आधीच साठवलेल्या इंधनावर चालतात.

धाकट्याच्या परीक्षेत हे दोन्ही निकाल आहेत. सोळाशे मीटर हा तेमूचा प्रांत, शंभर मीटर आणि गोळा हा बीमनचा. आणि जिममध्ये वजन उचलणं? तेही बीमनकडचंच.

पुढे १९९७ साली बेंजामिन लेव्हिन आणि जेम्स स्ट्रे-गंडरसन या अमेरिकी संशोधकांनी ३९ धावपटूंचे तीन गट केले. एक गट २,५०० मीटरवर राहिला आणि तिथेच पळाला. दुसरा तिथे राहिला, पण पळायला १,२५० मीटरवर उतरला. तिसरा राहिला खाली आणि पळालाही खाली. चार आठवड्यांनी वर राहिलेल्या दोन्ही गटांच्या लाल पेशी वाढल्या. पाच हजार मीटरची वेळ मात्र फक्त दुसऱ्या गटाची सुधारली. विरळ हवेत धाप लागते, पाय जोरात पडत नाहीत, म्हणजे सरावच हलका होतो. तेव्हापासून सूत्र असं झालं: राहा उंचावर, सराव करा खाली.

मास्क नेमका याच्या उलट आहे. राहायचं खाली आणि सराव करायचा धापा टाकत.

मास्कची स्वतःची परीक्षा

२०१० नंतरच्या दशकात हे मास्क जगभरच्या जिममध्ये पसरले. २०१२ साली 'द डार्क नाइट राइझेस' आला होता आणि त्यातल्या बेनचा चेहरा पोरांच्या डोक्यात बसला होता. आमच्या जिममध्येही मला बेनच म्हणायचे. खोटं का बोलू, आवडायचं.

मग कुणीतरी मोजमाप केलं. २०१६ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या एका विद्यापीठात २४ जणांना सहा आठवडे सायकलवर दमवलं, निम्मे मास्क लावून, निम्मे मोकळे. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडा दोन्ही गटांचा वाढला, पण मास्कवाल्यांचा काही वेगळा वाढला नाही. रक्तात आणि फुप्फुसांच्या क्षमतेत फरक पडला नाही. एक गोष्ट मास्कच्या बाजूनं गेली. ज्या टप्प्यानंतर श्वास झपाट्यानं वाढू लागतो, तो टप्पा मास्कवाल्यांत थोडा पुढे सरकला. म्हणजे मास्क अगदीच बिनकामाचा नाही. तो श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम असू शकतो. डोंगर मात्र नाही.

वजन उचलण्याबद्दलचा अभ्यास २०१८ साली छापून आला. २० जणांनी स्क्वॉट आणि बेंच प्रेस केलं, एकदा मास्कसह, एकदा मास्कशिवाय. एकूण वजन जवळपास सारखंच उचललं गेलं. पण मास्क असताना रॉडचा वेग कमी पडला आणि त्यांची सावधपणाची आणि लक्ष एकाग्र असल्याची भावना घटली.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. खांद्यावर ८० किलो असताना सावधपणा घटणं म्हणजे काय, हे माझ्या मनगटाला माहीत आहे.

त्यात आणखी एक गोष्ट. जड वजन उचलताना आपण नकळत श्वास रोखून पोट आवळतो. या क्रियेला इटलीच्या आंतोनिओ व्हाल्साल्वाचं नाव आहे. १७०४ साली त्यानं कानावर लिहिलेल्या ग्रंथात ती सांगितली, कानातला पू बाहेर ढकलायला! ती कंबरेला आधार देते, पण रक्तदाब भयंकर चढवते. १९८५ साली कॅनडात मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी पाच बॉडीबिल्डरांच्या धमनीत सुई घालून पायांनी वजन ढकलताना दाब मोजला. सरासरी निघाली ३२०/२५०. एकाचा तर ४८०/३५० च्या वर गेला. आपला १२०/८० असतो. वजन खाली येताच तो दाब धाडकन उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते ती इथेच. अशा वेळी माणसाला हवा असतो एक मोकळा, पुरा श्वास. मी त्याच श्वासावर झडप बसवली होती.

लोणावळ्याचा हिशेब

श्वासाबद्दलचे मोठे दावे आपल्याला नवे नाहीत. त्यांना मोजून बघणारा एक माणूसही आपल्याकडेच होऊन गेला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. तरुणपणी बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात घाम गाळलेले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि क्ष-किरण, रक्तदाबमापक अशी यंत्रं घेऊन आसनं-प्राणायाम तपासायला बसले. निष्कर्ष 'योगमीमांसा' या त्रैमासिकात छापत गेले.

प्राणायामानं शरीराला भरपूर जादा ऑक्सिजन मिळतो, असं तेव्हाही लोक म्हणत, आजही म्हणतात. कुवलयानंदांनी ऑक्सिजन मोजला. ते समीकरण टिकलं नाही. स्वतः योगी असून त्यांनी ते छापलं. प्राणायामाचं मोल त्यांनी दुसरीकडे शोधलं. आपल्या आवडत्या गोष्टीची बाजू घेताना तिच्याबद्दलची खोटी जाहिरात खोडायची, एवढी हिंमत मला मास्क विकत घेताना असती तर?

आमचे आबा तालमीतले. ते जोर काढताना तोंड मिटायला लावायचे. "तोंडानं धापा टाकशील तर दम गळंल." मी हसायचो. आता वाटतं, आपल्या भाषेला हे सगळं आधीच ठाऊक आहे. एकाच 'दम' शब्दावर आपण किती काय टांगलंय: दम लागतो, दम निघतो, दम खावा लागतो, दमछाक होते, कुणाला दमा असतो आणि कुणाच्या बोलण्यात दम नसतो. दम लागणं आणि दम वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यातच आलं. मास्कनं दम लागतो. तो वाढतो असं मी मानून बसलो होतो.

परवा धाकट्याला हे सगळं सांगितलं. तो मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होता, तेच खूप. शेवटी म्हणाला, "मग तू तेव्हा हे का नाही वाचलंस?"

"तेव्हा मला बेन व्हायचं होतं," मी म्हणालो.

तो हसला. मग जरा वेळानं म्हणाला, "पण समजा मला श्वासाचे स्नायूच मजबूत करायचेत. मग?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, तसं असेल तर बसून कर, वजनाखाली नको, एकटा असताना नको. आणि आधी सोळाशेची वेळ कमी कर, ती पळूनच होते. त्यानं मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही.

आज पहाटे पाचला दाराची कडी वाजली. मी माडीच्या खिडकीतून पाहिलं. कॅनॉलच्या रस्त्यावर तो धावत लांब जात होता. वळून दारामागे बघितलं. मास्क खिळ्यावरच होता.